मागचा सेन्सर

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. घरी आलेला गॅसचा सिलिंडर मी ताणकाट्याला लटकवून घेतो. पेट्रोल भरताना मीटरच्या शून्यावरून डोळा हलवत नाही, आणि पंपावरच्या माणसानं हवापाण्याच्या गप्पा काढल्या की माझा दुसरा डोळाही तिकडंच वळतो. दूधवाल्यानं आमचं घर दोनदा सोडलं. दोन्ही वेळा माझी बायको त्याच्या दारात जाऊन त्याला परत घेऊन आली.

यात माझं काही चुकतंय असं मला फार वर्षं वाटलं नाही. आम्ही गलाईवाले. विट्याच्या आजूबाजूच्या कोरड्या गावांतली माणसं देशभर सोनं-चांदी आटवायची दुकानं टाकून बसली आहेत, त्यांतलेच आम्ही. आमचं दुकान तमिळनाडूत, सेलमला. गिऱ्हाईक दागिना पुढं ठेवून म्हणणार, एकदम शुद्ध आहे. आपण मान डोलवायची, चहा मागवायचा आणि दागिना मुशीत टाकायचा. आटल्यावर आत काय निघालं तेवढंच खरं. आधी वडिलांच्या हाताखाली आणि मग त्यांच्यामागं, मिळून बावीस वर्षं मी हेच केलं. असा माणूस गावी परत आला म्हणून त्याला आपला स्वभाव बसस्टँडवर सोडून येता येत नाही.

दुकान चुलतभावाच्या हवाली करून मी परत आलो आणि आयुष्यात पहिल्यांदा एक बिनकामाची वस्तू घेतली. लाल रंगाची, दोन दारांची स्पोर्ट्स कार. सेलमला भट्टीपुढं बनियन भिजवत बसलेलो असताना समोरच्या रस्त्यानं एका सराफाची अशी गाडी जायची. ती गेली की मी मुशीवरची नजर काढायचो, आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, ओरडायचे. तेव्हापासून ती मनात होती. पुण्याच्या एका डीलरकडून मी ती वापरलेलीच घेतली आणि गावात आणली त्या दिवशी पेढे वाटले. गतिरोधकावर तिचं पोट घासायचं. म्हणून मी तिला तिरकी करून एकेक चाक चढवत न्यायचो, आणि मागं उसाच्या ट्रॉल्या खोळंबून राहायच्या. तरी मी खूश होतो.

दुखणं एकच होतं. तिला आवाज नव्हता. चहाच्या हॉटेलासमोर मी गाडी लावली तेव्हा बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बॅटरीवरची हाय का रं ही?"

"न्हाई. पेट्रोलची."

"मग बोलत का न्हाई?"

दुसरा म्हातारा त्याहून वाईट निघाला. गाडीकडं न बघता म्हणाला, "आमची कडबाकुट्टी बरी म्हणायची."

हे मला लागलं. माणसाला काय लागावं हे काही आपल्या हातात नसतं. मी चहा अर्धा ठेवून उठलो आणि दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन उंब्रजला दाजींकडं गेलो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. त्यांचं घराणं सातारच्या बाजूचं, घरटी एक माणूस फौजेत. दाजींनी वीस वर्षं फौजेचे ट्रक दुरुस्त केले आणि निवृत्त झाल्यावर हायवेच्या सर्व्हिस रोडला गॅरेज टाकलं. घर गॅरेजच्या मागंच. माणूस कमी बोलणारा. एखादी गोष्ट का करायची हे सांगत बसण्यापेक्षा ती करून मोकळे होणारे. लोक याला गुण म्हणतात. मला तसं वाटत नाही. जो बोलत नाही तो काहीतरी पोटात ठेवून असतो, असंच माझ्या डोक्यात पहिलं येतं.

आणि आक्का. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. सेलमला आई दुकानातल्या सगळ्या गड्यांचा स्वयंपाक करायची, तेव्हा मला आक्काच कडेवर घेऊन फिरायची. आई आणि अण्णा गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे माझं घर. दिवाळीला आणि गावच्या यात्रेला ती येते, चार दिवस राहते, माझ्या बायकोजवळ माझ्या चहाड्या करते आणि मी समोर बसून त्या ऐकतो. जगात मला रागावणारं एवढं एकच माणूस उरलं आहे, आणि ते उरलंय याचं मला फार बरं वाटतं.

दाजींनी गाडी लिफ्टवर चढवली. लिफ्ट कोरी करकरीत होती. मी ते बघून ठेवलं. खालून बॅटरी मारत ते म्हणाले, "पावणं, हाय त्ये बरं हाय. आवाजाचा दंड बसतोय. कशाला नसती भानगड?"

"दाजी, हिच्यापेक्षा कडबाकुट्टी बरी म्हणाले."

दाजी हसले नाहीत. "बरं," म्हणाले. "तीन दिवसांनी या."

तीन दिवसांनी गेलो तर सायलेन्सर निघाला होता, त्याच्या पुढचा एक डबाही निघाला होता, आणि तिथून मागं सरळ स्टीलचा पाइप आला होता. दाजींनी चावी फिरवली. काय आवाज होता तो. कानाला नाही, छातीला ऐकू यायचा. कराडला पुलाखालून गाडी नेली तेव्हा तो वर आदळून परत काचेवर आला, आणि मी एकटाच गाडीत हसत बसलो. पन्नाशीकडं झुकलेला माणूस असा हसताना कुणी बघितला असता तर माझी सेलममधली सगळी पत गेली असती.

हे सुख कडेगावपर्यंत टिकलं. तिथं समोर एक पिवळा दिवा लागला, इंजिनाच्या आकाराचा. मी गाडी बंद केली, परत चालू केली. दिवा तसाच. सकाळी पुन्हा उंब्रज.

दाजींनी गाडीला स्कॅनर जोडला, आकडे वाचले आणि त्यांच्या मानानं मोठं भाषण केलं.

"धूर जायाच्या वाटंवर दोन ऑक्सिजन सेन्सर असत्यात. एक पुढं, इंजिनाजवळ. धुरात ऑक्सिजन किती हाय त्ये त्यो सांगतोय, मग इंजिन पेट्रोल कमी-जास्त करतंय. मधी कॅट. त्यो धूर साफ करतोय. आन कॅटच्या मागं दुसरा सेन्सर. त्याला दुसरं काय काम न्हाई. मधल्यानं आपलं काम नीट केलं का, एवढंच बघायचं. आता कॅटच काढलाय, म्हणून त्यो बोंबलतोय."

तो मागचा सेन्सर मला फार आवडला. गाडीच्या पोटात कुठंतरी आपल्यासारखं कुणीतरी बसलंय हे कळल्यावर जरा धीर येतो. पण 'कॅट' हा शब्द ऐकून माझे कान टवकारले होते. सेलमला एकदा एक भंगारवाला राखाडी रंगाच्या चुऱ्याची पिशवी घेऊन आमच्याकडं आला होता. मोटारींच्या धुराच्या डब्यातला चुरा. त्या डब्यात मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम असल्या भारी धातूंचा थर असतो. तो वेगळा काढायची सोय आमच्याकडं नव्हती, म्हणून आम्ही त्याला परत पाठवला. पण सोन्याच्या तोडीचा माल एका माणसानं प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणला होता, हे मी विसरलो नव्हतो.

"काढलेला कॅट कुठाय?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

दाजींनी स्कॅनरची वायर गुंडाळायला घेतली. "हाय की. ठेवलाय."

"मग तो परत बसवा. मागचा पाइप राहू दे, आवाज राहू दे. फक्त कॅट परत."

"जुना कशाला? पंधरा दिस थांबा. मी दुसरा बघतो."

आता तुम्हीच बघा. माझ्याच गाडीतला, परवापर्यंत बिनतक्रार चाललेला डबा आहे. तो काढल्यावर दिवा लागला. मग तोच परत बसवायचा की नाही? आणि हा माणूस म्हणतो दुसरा बघतो. मी म्हणालो, "दाजी, जुनाच बसवा." आक्का मागच्या दारात उभी होती. तिनं दाजींकडं बघितलं, दाजींनी तिच्याकडं बघितलं, आणि ती आत गेली.

दाजींनी जुना कॅट बसवला. वेल्डिंग केलं, वर चंदेरी रंग मारला. त्या दिवशी दिवा कडेगावच्या अलीकडंच लागला.

ते बघणं माझ्या डोक्यातून जाईना. दोघांनी एकमेकांकडं असं बघितलं होतं, जसं घरात एखादी गोष्ट ठरलेली असते आणि तिसऱ्यासमोर ती बोलायची नसते. मी जेवताना बायकोला म्हणालो, डबा परत बसवूनही दिवा लागतो याचा अर्थ एकच. डबा आतून रिकामा आहे. आतली जाळी कुणीतरी काढून घेतली आहे. आणि मधल्या काळात डबा कुणाकडं होता हे आपल्याला माहीत आहे. शिवाय ती नवी लिफ्ट.

बायकोनं भाकरी तव्यावरच ठेवली. "आवं, दाजींवर?"

"मी कुणाचं नाव घेतलं नाही. मी विचार करतोय."

"तुमी आधी ठरवता आन मग पुरावं गोळा करता. आक्कांच्या कानावर गेलं तर त्या ह्या घराची पायरी चढतील का? त्यांनी जायाचं कुठं? दुसरं माहेर हाय का त्यांना?"

हे मला कळत नव्हतं असं नाही. संशय चुकीचा निघाला तर आक्का जाणार. आणि खरा निघाला तर त्याहून वाईट, कारण मग आक्कालाही ते माहीत होतं. गप्प बसणं हा एकच शहाणपणाचा रस्ता होता. पण रोज चावी फिरवली की तो पिवळा दिवा समोर लागायचा, आणि मला वाटायचं, तो मला विचारतोय, बघणार आहेस की नाही.

आठवड्यानं मी घरी काही न सांगता सांगलीचा रस्ता धरला. तासगावच्या पुढं बेदाण्याच्या शेडवर माणसं जाळ्या पसरत होती, गंधकाचा वास गाडीत येत होता. मी काच वर केली आणि चोरी करायला निघाल्यासारखा गुपचूप गाडी चालवत राहिलो. म्हणजे गाडीच्या आवाजात जेवढं गुपचूप जाता येतं तेवढं.

सांगलीत ओळखीचं नसलेलं एक गॅरेज मी मुद्दाम शोधलं. तिथल्या मेकॅनिकनं खाली वाकून कॅटवर पाना दोनदा ठोकला. मीही ऐकलं. भांड्यात काही असलं आणि नसलं तर आवाजात काय फरक पडतो, हे मला शिकवायला कुणी नको.

"ह्यात काय न्हाई, सायेब," तो म्हणाला. "आतलं काढून घेतलंय कुणीतरी."

"कधी काढलं असेल?"

"ते कसं सांगू? वेल्ड नवा दिसतोय, पर वरनं रंग मारलाय." मग त्यानं हात पुसत सरळ विचारलं, "शेवटचं काम कुणी केलंय ह्या गाडीचं?"

मी पैसे काढून त्याच्या हातावर ठेवले. पण त्या एका प्रश्नानं माझ्या मनातलं सगळं पक्कं झालं. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर आधी बरं वाटलं. आपलं बरोबर निघालं याचं माणसाला इतकं सुख होतं, हे मला त्या दिवशी माझ्याच बाबतीत कळलं, आणि ते आठवलं की आजही माझी मला लाज वाटते.

तरी दाजींना तोंडावर विचारायची माझी छाती नव्हती. दाजींना विचारायचं म्हणजे आक्काला विचारायचं. शिवाय आमच्या धंद्यात विचारायची पद्धतच नाही. अण्णांना एखाद्या गड्याचा संशय आला की ते एक शब्द बोलायचे नाहीत. तो गडी बसतो तेवढीच जागा ते वेगळी झाडायचे, माती पुडीत बांधायचे आणि ती पुडी वेगळी आटवायचे. चोरून कुठं काही घासलं, फोडलं असेल तर त्याचा कण मातीत सापडतोच. मी तेच करायचं ठरवलं. दाजींनी कॅट गॅरेजमध्ये फोडला असेल, तर त्या राखाडी चुऱ्यातलं काहीतरी जमिनीवर असणार. पुडी सेलमला पाठवायची. चुलतभाऊ कुठूनतरी तपासून आणेल. कागदावर उत्तर येईल आणि कुणाला काही विचारायची वेळच येणार नाही. हे सगळं मी इतक्या शांतपणे ठरवलं की त्यात काही वावगं आहे असं मला एकदाही वाटलं नाही.

संधी दाजींनीच दिली. त्यांचा फोन आला, "पावणं, उद्या गाडी घिऊन या. गॅरेज बंद हाय, पर मागनं आत या. मी जरा कराडला जाऊन येतो, तवर गाडी लावून ठेवा." मी खिशात एक बारका ब्रश आणि चार प्लॅस्टिकच्या पुड्या घातल्या आणि निघालो. दोन्ही वस्तू सेलमच्याच होत्या.

गॅरेजमध्ये कुणी नव्हतं. सकाळचं ऊन पत्र्याच्या फटीतून जमिनीवर आलं होतं. टेबलाला बसवलेल्या शेगड्याखाली, जिथं दाजी लोखंड धरून कापायचे, तिथं मी उकिडवा बसलो. काळी तेलकट माती, लोखंडाचा कीस, वेल्डिंगच्या गोळ्या. भिंतीकडच्या सांदीत मला थोडी राखाडी भुकटी दिसली. मी ब्रशनं ती हलकेच ओढली, पुडीत भरली, पुडीवर पेनानं जागा लिहिली. मग दुसरी पुडी उघडली.

चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज झाला. मी वळून बघितलं. आक्का उभी होती.

दुसऱ्या कुणी बघितलं असतं तर मी काहीही सांगितलं असतं. नट पडलाय, चावी शोधतोय. पण आक्का सेलमच्या दुकानात वाढली होती. माझ्या हातातला ब्रश, पुडी, पुडीवर लिहिलेलं, सगळं तिला वाचता येत होतं. मी नुसता उकिडवा बसून राहिलो.

"कुणाची जागा झाडतोयस?" तिनं विचारलं.

मी दुसरी, रिकामी पुडी मुठीत दाबली.

"अण्णांनी जागा झाडली की गडी जेवायला बी थांबत न्हवता," आक्का म्हणाली. "खुंटीवरचा सदरा काढायचा आन गावाची गाडी धरायचा. चोरी केली असू दे न्हाईतर नसू दे. त्यांच्या ताटावर मी झाकण घालायची, दादा. मला म्हाईत हाय ह्ये काय असतं."

ती मला दादा म्हणते ती लाडानं, लहानपणापासून. त्या दिवशी त्यात लाड नव्हता.

"आक्का, डबा रिकामा आहे," मी म्हणालो. "मी सांगलीला दाखवला."

"व्हय. रिकामा हाय." ती फळीपाशी गेली, एका डब्यातून काहीतरी काढून आणलं आणि माझ्यासमोर धरलं. बोटाएवढा लोखंडी तुकडा होता, आतून भोक, दोन्ही टोकांना आटे. "ह्यो बघ. तुझी गाडी पयल्यांदा खोलली त्या दिवशी निघाला. मागच्या सेन्सरखाली घातला व्हता. सेन्सर धुरातनं वर उचलून धरला की त्याला सगळं साफ दिसतंय, मग दिवा लागत न्हाई. तुझा डबा पुण्यातनंच रिकामा आलाय. कुणी आतलं काढून घेतलं, ह्यो तुकडा घातला आन तुला इकला."

मी तो तुकडा हातात घेतला. जड नव्हता.

"मग मला का नाही सांगितलं?"

"मी म्हणलं व्हतं सांगा. ह्ये म्हणलं, पावण्यांनी गावभर पेढं वाटल्यात. जलमभर त्यांनी दुसऱ्याचा माल पारखला, आन सोता रिकामा डबा घिऊन आलं, ह्ये मी त्यांच्या तोंडावर कसं बोलू? दुसरा मिळवतो, बसवतो, दिवा इझला की विषय मिटला. ह्यो तुकडा परत घातला असता तर दिवा त्याच दिवशी गेला असता. पर सेन्सरला फसवायचं काम ह्यांच्याच्यानं व्हईना. आज कराडला तुझ्यासाठीच नवा डबा आणाया गेल्यात. ट्रान्सपोर्टला आलाय."

लिफ्टचं मी विचारलं नाही. माझी गाडी येण्याच्या कितीतरी आधी ती दाजींनी सांगून ठेवली होती, हे मला नंतर आठवलं. मागच्या यात्रेत ते स्वतःच बोलले होते आणि मी ऐकलंही होतं. पण मला ते आठवायचं नव्हतं.

आक्का खाली बसली. तिनं माझ्या हातातली भरलेली पुडी घेतली नाही, फक्त बोट दाखवलं. "जिथनं उचललीस तिथं टाक."

मी पुडी उघडली आणि ती भुकटी भिंतीकडच्या सांदीत परत ओतली. हातानं पसरली. बहिणीसमोर उकिडवं बसून माती जागेवर ठेवताना मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. रडलो असतो तर कदाचित तिनं पाठीवर हात ठेवला असता.

"मी दाजींना सांगतो," मी म्हणालो. "पाया पडतो त्यांच्या."

"काय सांगणार? तुमची जागा झाडली म्हणून? न्हाई. तू बी बोलायचं न्हाई आन मी बी बोलणार न्हाई." ती उठली आणि पदरानं हात पुसले. तिच्या हाताला काही लागलं नव्हतं. "त्यांच्या घरात मला ऱ्हायाचं हाय, आन तुझ्या घरी मला यायाचं हाय. चा निवला, दुसरा आणते."

दाजी तासाभरानं आले. त्यांच्या काखेत एक खोकं होतं. त्यांनी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ते गाडीखाली काम करत होते आणि मी त्यांना बॅटरी धरून उजेड दाखवत होतो. माझा हात हलला की ते म्हणायचे, "जरा हिकडं, पावणं," आणि मी उजेड तिकडं न्यायचो. नवा डबा चढला, सेन्सर त्याच्या जागेवर सरळ बसला, दाजींनी स्कॅनरनं जुना दोष पुसला आणि इंजिन चालू केलं. आम्ही दोघं त्या कोऱ्या डॅशबोर्डकडं बघत उभे राहिलो.

"जुन्या डब्यात काय तरी बिघडलं व्हतं," दाजी माझ्याकडं न बघता म्हणाले. "चालायचंच. जुन्या गाडीत व्हतंय असं."

मी "हो" म्हणालो. दिवा कडेगावला लागला नाही, विट्यालाही लागला नाही, आणि आजपर्यंत लागलेला नाही.

चैत्रात गावची यात्रा आली. आक्का येते की नाही या धसक्यानं मी आठ दिवस आधीपासून नीट जेवलो नव्हतो. बायकोला मी सगळं सांगितलं होतं. ती मला काही बोलली नव्हती, आणि तिनं बोलावं असं मला फार वाटत होतं. आक्का आली. दाजीही यात्रेच्या एक दिवस आधीच आले, मटण जेवले, हॉटेलासमोरच्या म्हाताऱ्यांना त्यांनी गाडीचा आवाज ऐकवला. आक्का बायकोजवळ बसून हसली, चार दिवस राहिली, नैवेद्य केला, माझ्या पोरीची वेणी घातली. मला ती रागावली मात्र नाही. मी दोनदा मुद्दाम कुरापत काढली, तिनं "बरं" म्हणून सोडून दिलं.

निघायच्या दिवशी दाजी बाहेर गाडी वळवत होते. बायको ओटीचं सामान घ्यायला आत गेली होती. आक्काची बॅग पलंगावर भरून ठेवलेली होती. आक्कानं तिची चेन उघडली. घडी घातलेल्या साड्या एकेक करून काढल्या आणि पलंगावर मांडल्या. टॉवेल, औषधाची डबी, पोरीनं दिलेली पिन. मग हातातली पर्स उघडली आणि ती माझ्यासमोर उलटी केली.

"बघून घे," ती म्हणाली. "मागनं मनात नको."

"आक्का, भर ते. माझी चूक झाली, आक्का."

ती रागात नव्हती. मी बघेपर्यंत ती तशीच उभी राहिली. मी बघितलं, तेव्हा तिनं साड्या परत आत ठेवल्या, चेन ओढली, आणि बायको ओटी भरायला आली तेव्हा तिनं हसून पदर पुढं केला. जाताना माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "दिवाळीला येते."

दिवाळीला ती आली. चार दिवस राहिली. आणि निघताना तिनं बॅग उघडली.